कोको रोखे कसे वाचावेत: बँकेच्या ताळेबंदापासून बारीक छपाईतल्या कलमापर्यंत

कोको रोखा म्हणजे बँकेने घेतलेले असे कर्ज, जे बँक अडचणीत आली की कर्ज राहत नाही. त्याचे समभाग होतात किंवा ते वहीतून सरळ पुसले जाते. 'कंटिन्जंट कन्व्हर्टिबल' या लांबलचक नावाचे 'कोको' हे लघुरूप. आज बाजारात दिसणारे बहुतेक कोको 'अतिरिक्त टियर १' या भांडवलात मोडतात, त्यामुळे जाणकार त्यांना नुसते 'एटी-१' म्हणतात. व्याज घसघशीत, बँक नावाजलेली आणि वर 'रोखे' हा धीर देणारा शब्द. नवखा माणूस नेमका इथेच गाफील राहतो.

पहिल्यांदा कागद हातात घेणारा आधी ट्रिगरचा आकडा शोधतो, म्हणजे बँकेचे भांडवल कितीवर उतरले की रोखा पुसला किंवा बदलला जाईल ती पातळी: ५.१२५ टक्के की ७ टक्के? मग बँकेचे भांडवल १३-१४ टक्के बघून निर्धास्त होतो. हा क्रमच चुकीचा आहे. गाजलेल्या प्रकरणांत पैसे बुडाले ते त्या आकड्याची वाट न पाहता. म्हणून खालच्या पायऱ्यांत ट्रिगर मुद्दाम मागे ठेवला आहे.

पायरी १: भांडवलाचे थर मांडा

बँकेला तोटा झाला की तो कोणी, कोणत्या क्रमाने सोसायचा, याची उतरंड म्हणजे बँकेचे भांडवल. २००८ च्या संकटात असे दिसले की भांडवल म्हणून मोजलेली बरीच संमिश्र साधने प्रत्यक्षात तोटा सोसतच नव्हती. बँका सरकारी पैशावर तगल्या आणि अशा साधनांचे धारक मात्र बऱ्याच ठिकाणी सहीसलामत सुटले. त्यानंतर बँकांसाठी जागतिक नियम आखणाऱ्या बासेल समितीने डिसेंबर २०१० मध्ये बासेल ३ ची चौकट जाहीर केली. तिच्यातले किमान आकडे असे:

सामान्य समभाग भांडवल, म्हणजे सीईटी-१: जोखीमभारित मालमत्तेच्या (जोखमीप्रमाणे भार देऊन मोजलेल्या मालमत्तेच्या) ४.५ टक्के
एकूण टियर १ (सीईटी-१ अधिक एटी-१): ६ टक्के
एकूण भांडवल (एटी-१ नंतर तोटा सोसणारे दुय्यम भांडवल, म्हणजे टियर २ धरून): ८ टक्के

यावर २.५ टक्क्यांचा संवर्धन बफर, तेजीच्या काळात नियामकाने लावायचा शून्य ते २.५ टक्क्यांचा प्रतिचक्रीय बफर, आणि जगभर पसरलेल्या मोठ्या बँकांसाठी १ ते ३.५ टक्क्यांचा वेगळा बफर. हे सगळे बफर सीईटी-१ मधूनच भरावे लागतात. देशोदेशीचे नियामक याहून कडक आकडे लावू शकतात आणि लावतातही, त्यामुळे ज्या बँकेचा रोखा पाहताय तिच्या नियामकाचा आकडा घ्या.

६ मधून ४.५ वजा केले की १.५ उरतात. एटी-१ ची मूळ जागा एवढीच. ती समभागांनीही भरता येते, पण समभाग महाग पडतात आणि कोकोचे व्याज बऱ्याच देशांत करातून वजा मिळते, म्हणून बँका कोको काढतात. अमेरिकेत ही वजावट मिळत नसल्याने तिथल्या बँका त्या जागी प्राधान्य समभाग वापरतात. अमेरिकी बँकांचे कोको का दिसत नाहीत, याचे एक मोठे कारण हेच.

पायरी २: बँकेचे खरे अंतर मोजा

हे गणित एकदा हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका. चलन कोणतेही धरा. बँकेची मालमत्ता १,०००. त्यातली रोकड आणि स्वतःच्या सरकारचे रोखे २००, जोखीमभार ० टक्के. घरकर्जे ४००, भार ३५ टक्के धरू, म्हणजे १४०. कंपन्यांना दिलेली कर्जे ४००, भार १०० टक्के, म्हणजे ४००. बाजार आणि कामकाजाच्या जोखमीपोटी आणखी ६०. जोखीमभारित मालमत्ता झाली ६००.

आता भांडवल. भागभांडवल आणि राखीव निधी मिळून ६२. त्यातून ख्यातीमूल्य, इतर अमूर्त मालमत्ता आणि पुढच्या नफ्यावर अवलंबून असलेली विलंबित कर मालमत्ता वजा करायची, कारण बँक बुडताना या गोष्टींचे पैसे होत नाहीत. समजा ही वजावट ८. सीईटी-१ उरले ५४, म्हणजे ९ टक्के. एटी-१ आहे ९, म्हणजे १.५ टक्के. टियर २ आहे १२, म्हणजे २ टक्के. एकूण ७५, म्हणजे १२.५ टक्के.

समजा या बँकेला सगळे बफर मिळून ३ टक्के लागतात. तर सीईटी-१ ची पातळी ७.५ टक्के, म्हणजे ४५. हातात ५४, अंतर ९. टियर १ ला ९ टक्के, म्हणजे ५४ हवेत; हातात ६३, अंतर ९. एकूण भांडवलाला ११ टक्के, म्हणजे ६६ हवेत. हातात ७५, पुन्हा अंतर ९. तिन्ही अंतरे सारखी आली, कारण एटी-१ आणि टियर २ चे कप्पे आपण काठोकाठ भरलेले धरले. एटी-१ ९ ऐवजी ६ च असते तर? सीईटी-१ चे अंतर कागदावर ९ च दिसले असते, पण टियर १ चे ६ वर आले असते. तिन्हींतले सर्वांत लहान अंतर तेच खरे अंतर. नुसता सीईटी-१ चा आकडा बघणाऱ्यांच्या हातून हे हमखास सुटते.

९ चा तोटा म्हणजे किती? कंपन्यांच्या ४०० च्या कर्जातले सव्वादोन टक्के पूर्ण बुडणे. अर्थात आधी त्या वर्षीचा नफा हा घाव झेलतो, म्हणून बुडीत कर्जांच्या तरतुदींआधीचा वार्षिक नफाही शेजारी लिहून ठेवा. बँक वर्षाला १० कमावत असेल तर अंतर प्रत्यक्षात दुप्पट, आणि नफाच नसेल तर आहे तेवढेच.

हे आकडे बँकेच्या पिलर ३ अहवालात, म्हणजे भांडवल आणि जोखमीच्या जाहीर अहवालात मिळतात. 'केएम१' तक्त्यात मुख्य गुणोत्तरे असतात, 'सीसी१' मध्ये भांडवलाची फोड आणि वजावटी, 'सीसीए' मध्ये प्रत्येक रोख्याची वैशिष्ट्ये: ट्रिगर, कॉलच्या (बँकेने रोखा परत घेण्याच्या) तारखा, राइट-डाउनचा (मुद्दल कमी करण्याचा किंवा पुसण्याचा) प्रकार. 'सीसीए' हा तक्ता कंटाळवाणा दिसतो, पण दोनशे पानी माहितीपत्रकात शिरण्याआधी तोच उघडावा.

पायरी ३: कूपन कुठे थांबते ते शोधा

एटी-१ चे कूपन, म्हणजे व्याज, पूर्णपणे बँकेच्या मर्जीवर असते. ते चुकवले तर बँक थकबाकीदार ठरत नाही, आणि चुकलेले व्याज पुढे साचतही नाही. गेले ते गेले. बासेल ३ मध्ये मोजले जाण्यासाठी ही अटच आहे. बँकेचा लबाडपणा समजू नका.

मर्जीच्या पलीकडे सक्तीही आहे. बफर कुरतडला जाऊ लागला की नफावाटपावर मर्यादा येते. बासेलच्या मूळ तक्त्यात फक्त संवर्धन बफर धरला तर सीईटी-१ ६.३७५ ते ७ टक्क्यांमध्ये असताना ४० टक्के नफा राखून ठेवावा लागतो, त्याखालच्या टप्प्यांत ६० आणि ८० टक्के, आणि ५.१२५ च्या खाली पूर्ण १००. उरलेल्यातून लाभांश, बोनस आणि एटी-१ चे व्याज, तिघांनीही भागवायचे. युरोपात याच हिशेबाला 'कमाल वाटपयोग्य रक्कम' म्हणतात.

आपल्या उदाहरणातल्या बँकेचे आकडे पुन्हा बघा. ५.१२५ चा ट्रिगर गाठायला २३.२५ चा तोटा व्हावा लागतो. कूपनवर बंधन मात्र ९ च्या तोट्यालाच येते. म्हणजे धोक्याची पहिली रेषा ट्रिगरच्या कितीतरी अलीकडे आखलेली आहे.

अजून एक कुलूप आहे: वाटपयोग्य राखीव निधी. तो बहुधा मूळ कंपनीच्या स्वतंत्र हिशेबांवरून काढतात, समूहाच्या एकत्रित ताळेबंदावरून नव्हे. गुणोत्तर चांगले असूनही हा निधी आटू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये डॉइश बँकेला मोठ्या तोट्याच्या पार्श्वभूमीवर जाहीर सांगावे लागले, की एप्रिलमधल्या सुमारे ३५ कोटी युरोच्या कूपनसाठी आपल्याकडे सुमारे १०० कोटी युरोची क्षमता आहे. कूपन वेळेवर दिले गेले, पण दरम्यान रोख्यांचे भाव आपटले होते.

पायरी ४: कॉलला मुदत समजू नका

एटी-१ ला परतफेडीची तारीख नसते. किमान पाच वर्षांनंतर बँक तो परत घेऊ शकते, तेही नियामकाच्या परवानगीने. 'घेऊ शकते' आणि 'घेईल' यांत सगळा फरक आहे.

व्याज कसे ठरते ते पाहा. पहिली पाच वर्षे ७ टक्के: त्यात पाच वर्षांचा बाजारातला आधारदर २.५ आणि बँकेच्या जोखमीपोटी त्यावर द्यायचे जास्तीचे व्याज, म्हणजे 'फरक', ४.५. पाच वर्षांनी आधारदर ३ झाला, तर नवे व्याज ३ अधिक तोच ४.५, म्हणजे ७.५. फरक कायमचा गोठलेला असतो; तो वाढवून बँकेला कॉलसाठी टोचणी लावणे बासेल ३ मध्ये चालत नाही. आता त्या दिवशी बाजारात याच बँकेचा नवा रोखा ३.२५ च्या फरकाने खपत असेल तर ती जुना परत घेऊन नवा काढेल. बाजार ६.५ मागत असेल तर जुनाच स्वस्त पडतो, मग ती कशाला परत घेईल? तुमच्या हातात राहतो ७.५ टक्क्यांचा बिनमुदतीचा रोखा, बाजार मागतो ९.५. भाव अंदाजे ७.५ भागिले ९.५, म्हणजे ७९. 'पहिल्या कॉलपर्यंतचा परतावा' बघून १०० धरलेल्यांचे २१ गेले, आणि बँकेला काहीही झालेले नसताना गेले.

ही कल्पनेतली भीती नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पेनच्या सँटेन्डेर बँकेने दीडशे कोटी युरोचा एटी-१ पहिल्या तारखेला परत घ्यायचे नाकारले. म्हणून परताव्याचे दोन आकडे काढा, कॉलपर्यंतचा आणि अनंत काळाचा, आणि लहान आकडा पुरत असेल तरच पुढे जा.

उलट बाजूही तपासा. नियम किंवा करव्यवस्था बदलली तर बहुतेक रोखे दर्शनी किमतीला मुदतीआधीच परत घेता येतात. १०८ ला विकत घेतला आणि १०० हाती आले, असे होऊ शकते. लॉइड्स बँकेने २००९ च्या अखेरीस जुन्या रोख्यांच्या बदल्यात काढलेले कोको हे या प्रकारातले पहिले मोठे साधन. पुढे नियामकाच्या ताणचाचणीत त्यांचा उपयोग होईना, म्हणून बँकेने ते परत घेण्याचा हक्क सांगितला. काहींवरचे व्याज दहा टक्क्यांहून जास्त होते, धारक कशाला सोडतात! प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी बँक जिंकली. एका कलमातल्या दोन-चार शब्दांच्या अर्थावर हा खटला फिरला.

पायरी ५: ट्रिगर, आणि त्यानंतर काय

आता आकडा. ताळेबंदात कर्ज म्हणून दाखवलेल्या एटी-१ ला बासेल ३ मध्ये सीईटी-१ चा किमान ५.१२५ टक्क्यांचा ट्रिगर लागतो. ब्रिटनच्या रोख्यांत ७ टक्के सर्रास दिसतो. आपल्या बँकेत ७ म्हणजे ४२, अंतर १२.

ट्रिगर लागल्यावर तीनपैकी एक घडते.

समभागांत रूपांतर. यात रूपांतराची किंमत पाहा. १,००० चा रोखा, ठरलेली किंमत ५०, म्हणजे २० समभाग. पण बँक इतकी घसरली तेव्हा बाजारभाव समजा १२ आहे. हाती आले २४० चे समभाग, गेले ७६ टक्के. बाजारभावाला रूपांतर असते तर ८३ समभाग मिळाले असते, पण तशा रचनेत समभाग जितके पडतात तितके नवे जास्त निघतात, आणि त्या भीतीनेच ते आणखी पडतात. म्हणून बहुतेक ठिकाणी किमतीला तळ बांधलेला असतो.

तात्पुरते राइट-डाउन. मुद्दल कमी होते. पुढे नफा झाला तर बँक ते हळूहळू पुन्हा वाढवू शकते. वाढवलेच पाहिजे असे नाही. मुद्दल कमी असेपर्यंत व्याजही त्या कमी रकमेवरच.

कायमचे राइट-डाउन. मुद्दल शून्य, विषय संपला. यात पंगतीचा क्रम उलटा होऊ शकतो: सर्वांत आधी बुडायला हवा तो भागधारक काहीतरी घेऊन उठतो आणि रोखेधारक रिकाम्या हाताने. हा प्रकार दिसला तर व्याजात त्याची किंमत मिळतेय का, हे स्वतःला विचारा. आमच्या मते बहुतेक वेळा पुरेशी मिळत नाही.

बँकेला मात्र तिन्हींत सारखाच फायदा. सीईटी-१ ५.१२५ च्या ट्रिगरवर, म्हणजे ३०.७५ वर आले असताना ९ चा एटी-१ गेला, की ते ३९.७५ होते, म्हणजे ६.६२५ टक्के. बाहेरून एक पैसाही आलेला नाही. देणे घटले म्हणून भांडवल वाढले.

पायरी ६: नियामकाचा अधिकार वाचा, सगळ्यात सावकाश

गुणोत्तर तिमाहीतून एकदा जाहीर होते. बँकेवरचा विश्वास दुपारच्या जेवणापर्यंतही उडू शकतो. त्यामुळे जानेवारी २०११ मध्ये बासेल समितीने दुसरी अट घातली: बँक 'तग धरू शकत नाही' असे संबंधित प्राधिकरणाने ठरवले, किंवा सरकारी भांडवल ओतायची वेळ आली, की हे रोखे पुसता किंवा बदलता आले पाहिजेत. तग धरण्याची टक्केवारी कुठेही लिहिलेली नाही, आणि ती मुद्दामच लिहिलेली नाही. पुढची तीन प्रकरणे या एका वाक्याच्या तीन तऱ्हा आहेत.

बँको पोप्युलार, स्पेन, ७ जून २०१७. ठेवी भराभर बाहेर गेल्या आणि युरोपीय प्राधिकरणाने एका रात्रीत बँक ताब्यात घेतली. समभाग आणि एटी-१ शून्य झाले, टियर २ चे समभाग झाले आणि ते सगळे सँटेन्डेरला १ युरोला विकले. क्रम इथे नियमाप्रमाणे पाळला गेला: आधी भागधारक.

येस बँक, भारत, मार्च २०२०. ५ मार्चला निर्बंध आले, डिसेंबर तिमाहीचे आकडे त्यानंतर जाहीर झाले. गुणोत्तर किती मागून येते ते यावरून कळावे. ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ पूर्ण पुसले गेले, भागधारकांचे समभाग मात्र राहिले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

क्रेडिट स्विस, स्वित्झर्लंड, १९ मार्च २०२३. २०२२ च्या अखेरीस सीईटी-१ होते १४.१ टक्के, ७ च्या ट्रिगरपासून कोसभर दूर. तरीही यूबीएसकडे विक्री जाहीर झाली त्याच रविवारी नियामक फिनमाच्या आदेशाने सुमारे १६ अब्ज स्विस फ्रँकचे एटी-१ शून्यावर आले, आणि भागधारकांना सुमारे ३ अब्ज फ्रँकचे यूबीएसचे समभाग मिळाले. आधार होता करारातल्या 'असाधारण सरकारी मदत' या कलमाचा. दुसऱ्याच दिवशी युरोपीय प्राधिकरणांनी आणि बँक ऑफ इंग्लंडने जाहीर केले की आमच्याकडे आधी समभागच तोटा सोसतील. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये स्विस संघीय प्रशासकीय न्यायालयाने तो आदेश बेकायदेशीर ठरवला. त्यावर अपील झाले.

या तिन्हींतून वाचनाची पद्धत निघते. माहितीपत्रकात तग धरण्यासंबंधीची व्याख्या शोधा आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. निर्णय कोण घेतो? तरलतेसाठीची सरकारी हमी 'मदत' धरली जाते का, की फक्त भांडवल? समभाग आधी शून्य करणे बंधनकारक आहे का, आणि ते करारात लिहिलेय की कायद्यात? रोखा कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे? चौथा प्रश्न बिनकामाचा वाटतो, पण पैसे गेल्यावर कोणत्या कोर्टात आणि किती वर्षे उभे राहायचे हे तोच ठरवतो.

पायरी ७: किती घ्यावे, आणि घ्यावेच का

ब्रिटनच्या नियामकाने २०१४ मध्ये सर्वसाधारण किरकोळ ग्राहकांना कोको विकण्यावर बंधने आणली. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने तर डिसेंबर २०२४ मध्ये ठरवले की २०२७ पासून एटी-१ हळूहळू बंदच करायचे आणि २०३२ पर्यंत संपवायचे; घरगुती गुंतवणूकदारांच्या हातात ते फार असल्याने संकटात त्यांना हात लावणे अवघड जाईल, ही त्यामागची मोठी चिंता. विक्रेता 'मुदत ठेवीसारखेच, फक्त व्याज जास्त' म्हणू लागला तर बोलणे तिथेच थांबवा.

तरीही घेणार असाल तर एका रोख्यात तेवढीच रक्कम ठेवा जी एका रविवारी शून्य झालेली चालेल, आणि तिची गिनती समभागांच्या खात्यात करा, रोख्यांच्या नव्हे. त्याच बँकेत ठेवी, त्याच बँकेचे समभाग आणि तिचाच कोको असा तिहेरी संसार मांडू नका. पसरून घेतले तरी सगळे कोको बँकांचेच असतात, आणि मार्च २०२३ सारख्या आठवड्यात ते एकजात पडतात. दहा बँकांचे दहा रोखे म्हणजे दहा वेगळ्या जोखमी नाहीत.

घेतल्यानंतर दर तिमाहीला तीन गोष्टी तपासा: तिन्ही पातळ्यांवरचे सर्वांत लहान अंतर, पुढच्या कूपनसाठीचा वाटपयोग्य निधी, आणि त्याच बँकेच्या नव्या रोख्याचा बाजारातला फरक. या तिन्हींत काहीच हललेले नसताना तुमच्या रोख्याचा भाव आठवडाभरात दहा-पंधरा टक्के पडला, तर 'गुणोत्तर तर चांगले आहे' म्हणत आणखी घेण्याआधी ठेवी बाहेर जात आहेत का ते बघा.